भविष्यकाळाला जागा हवी

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

चित्रपटात भूतकाळ दाखवायचा असला तर निदान काहीतरी हाताशी असतं. एखादा वाडा असतो, किल्ला असतो, कुणाच्या तरी माळ्यावर पडलेली पितळी भांडी असतात. भविष्यकाळाचं काय? तो अजून आलेलाच नाही. शंभर वर्षांनंतरचं शहर, दुसऱ्या ग्रहावरची वस्ती, माणसं नाहीशी झालेली पृथ्वी यांतलं काहीही जाऊन पाहून येता येत नाही. मग विज्ञानकथेवर चित्रपट काढायचा म्हटलं तर कॅमेरा लावायचा कुठे?

या प्रश्नाला चित्रपटाच्या इतिहासात दोन उत्तरं मिळाली. एक म्हणजे भविष्यकाळ बांधायचा. दुसरं म्हणजे तो शोधायचा.

बांधण्याचा मार्ग जुना आणि खर्चाचा. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांनी १९०२ साली ‘ए ट्रिप टू द मून’ काढला, तो पॅरिसजवळच्या आपल्या काचेच्या स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यांपुढे. जर्मनीत फ्रिट्झ लांग यांनी १९२७ साली पडद्यावर आणलेल्या ‘मेट्रोपोलिस’चं चित्रीकरण सतरा महिने चाललं आणि त्याच्या खर्चानं उफा ही बलाढ्य कंपनीदेखील डबघाईला आली. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९६८ सालच्या ‘२००१ : ए स्पेस ओडिसी’त सुरुवातीला आफ्रिकेचा जो आदिम प्रदेश दिसतो, तोसुद्धा इंग्लंडमधल्या स्टुडिओत उभा केलेला आहे. आजच्या नामिबियात काढलेली छायाचित्रं तेवढी नटांच्या मागे मोठ्या पडद्यावर पाडली होती.

एवढा पैसा ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी दुसरा मार्ग धरला. खरी जागा गाठायची आणि ती अशा नजरेनं दाखवायची की प्रेक्षकाला वाटावं, हे आजचं जग नव्हे. मोठ्या कंपनीच्या भांडवलाशिवाय, उसनवारी करून, मूठभर माणसांनिशी निघालेल्या चित्रपटाला आपण स्वतंत्र चित्रपट म्हणतो. अशा स्वतंत्र मंडळींनी देशोदेशी हिंडून भविष्यकाळ कसा टिपला, आणि आपल्याकडे त्याची वाट कुठवर आली, हे आज पाहू.

सुरुवात आपल्या घरापासूनच करायला हवी. दादासाहेब फाळके यांना आपण पौराणिक चित्रपटांचे जनक म्हणून ओळखतो. पण त्यांनी कॅमेऱ्यानं साधलेली पहिली किमया देवादिकांची नव्हती, ती वाटाण्याच्या रोपाची होती. १९१२ च्या फेब्रुवारीत विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून फाळके लंडनला गेले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना भेटले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिलं, आणि विल्यमसन कॅमेरा मागवून परत आले. आता चित्रपटाला पैसा हवा होता, पण पडद्यावर हलणाऱ्या चित्रांवर पैसा लावायला कोण तयार होणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. महिनाभर, रोज एक चौकट, अशी त्याची चित्रं घेतली. ती सलग दाखवली तेव्हा दाणा फुटून रोप वर आलं, तेही जेमतेम मिनिटभरात. ‘अंकुराची वाढ’ असं त्या तुकड्याचं नाव. तो पाहून सावकार कर्ज द्यायला तयार झाले.

डोळ्यांना कधी दिसू न शकणारी, तरीही पूर्णपणे खरी अशी गोष्ट फाळक्यांनी दाखवली होती. विज्ञानकथेवरच्या चित्रपटाला याहून वेगळं काय करायचं असतं? रोप खरं, कुंडी खरी, घर खरं. बदलला होता तो फक्त काळाचा वेग.

पुढे ‘राजा हरिश्चंद्र’चं काम सुरू झालं. सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. फिल्मला भोकं पाडण्यापासून सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करण्यापर्यंतची कामं त्यांनीच ओढली. राजवाडा दादरला उभा राहिला, पण रानाचं काय? त्यासाठी मंडळी मुंबईबाहेर वांगणीला गेली. फाळके मागाहून येणार होते. तलवारी, भाले घेतलेली, दाढ्या लावलेली ही माणसं पाहून गावकऱ्यांना वाटलं, दरोडेखोर आले. पाटलाकडे वर्दी गेली, फौजदार आला, सगळ्यांना अडकवून ठेवलं. आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत काम करतो, असं सांगून कुणाला काय कळणार? अखेर फाळके आले, त्यांनी कॅमेरा उघडून दाखवला, त्यात फिल्म न घालता नटांकडून एक प्रसंग करवून घेतला, आणि मग सुटका झाली.

ही हकिकत आपण हसून सोडून देतो. बाह्यचित्रीकरण करणाऱ्या प्रत्येकाला मात्र तिच्यात शिकण्यासारखं आहे. दुसऱ्याच्या गावात कॅमेरा घेऊन गेलात तर तुम्ही त्या गावाला परके असता, आणि तुमचं यंत्र उघडून दाखवण्याची जबाबदारी तुमची असते.

३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावात कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. त्यानंतर फाळके नाशिकला गेले. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके राम आणि सीता अशा दोन्ही भूमिकांत दिसले, आणि १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झाली. या पुराणकथा होत्या, त्यांना विज्ञानकथा म्हणता येणार नाही. पण आकाशातून उडणं, अदृश्य होणं, एका देहाचा दुसरा देह होणं ही सगळी करामत खऱ्या निसर्गात आणि आटोपशीर खर्चात करून दाखवण्याचं कसब महाराष्ट्रात इतक्या लवकर तयार झालं होतं.

आता युरोपात जाऊ. १९६२ साली फ्रान्समध्ये क्रिस मार्कर यांनी ‘ला जेते’ नावाचा २८ मिनिटांचा चित्रपट केला. गोष्ट तिसऱ्या महायुद्धानंतरची. पॅरिस उद्ध्वस्त झालंय, उरलेली माणसं जमिनीखाली राहतात आणि एका कैद्याला भूतकाळात पाठवण्याचा प्रयोग चालू आहे. एवढी मोठी कल्पना मार्कर यांनी स्थिर छायाचित्रांतून सांगितली. अख्ख्या चित्रपटात एकच हलतं दृश्य आहे, झोपेतून उठणारी स्त्री डोळे उघडते ते. ओर्ली विमानतळाचा सज्जा आणि पॅले द शायो या इमारतीखालची भुयारं याच त्यांच्या जागा. तेवढ्यावर तिसरं महायुद्ध झालं, हे प्रेक्षकाला पटलं.

तीन वर्षांनी ज्याँ-ल्युक गोदार यांनी ‘अल्फाव्हिल’ काढला. एका यंत्राच्या हुकमतीखाली असलेलं दूरच्या आकाशगंगेतलं शहर, असा विषय. गोदार यांनी एकही सेट बांधला नाही. पॅरिसमध्ये तेव्हा नव्यानं उभ्या राहत असलेल्या काच-सिमेंटच्या इमारती, हॉटेलांचे जिने, रात्रीचे दिवे, एवढंच राऊल कुतार यांच्या कॅमेऱ्यानं टिपलं. नायक एका आकाशगंगेतून दुसरीत जातो, तोही मोटारीत बसून! या चित्रपटाला १९६५ साली बर्लिनचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. प्रेक्षकांना धक्का बसला तो आपण राहतो तेच शहर असं परकं दिसू शकतं याचा.

परदेशी जाऊन भविष्यकाळ शोधण्याचं उदाहरण आंद्रेई तारकोव्हस्की यांचं. ते स्वतंत्र निर्माते नव्हते, सोव्हिएत सरकारच्या मोसफिल्मसाठी काम करत. ‘सोलारिस’साठी त्यांना उद्याच्या शहरातला रस्ता हवा होता. तो मॉस्कोत सापडेना. मग १९७१ मध्ये ते जपानला गेले आणि टोकियोतल्या उन्नत मार्गांवरून, बोगद्यांतून धावणाऱ्या मोटारीतून चित्रीकरण करून आणलं. टोकियोच्या माणसाला तो रोजचा रस्ता होता. रशियन प्रेक्षकाला तो भविष्यकाळ वाटला. कुणाचं आज हे दुसऱ्या कुणाचं उद्या असतं, हे जगभर हिंडून चित्रीकरण करणाऱ्यांचं भांडवल आहे.

याच तारकोव्हस्कींच्या १९७९ सालच्या ‘स्टॉकर’ची गोष्ट मात्र वेगळी. एस्टोनियात ताल्लिनजवळ बंद पडलेलं जलविद्युत केंद्र त्यांना सापडलं. निर्बंध घातलेला, गूढ असा प्रदेश दाखवायला याहून चांगली जागा नव्हती. पहिल्या वर्षीची फिल्म प्रयोगशाळेत खराब झाली आणि बराचसा चित्रपट नव्यानं करावा लागला. मंडळी दिवसेंदिवस त्या पाण्यात उभी राहत होती, आणि नदीच्या वरच्या अंगाला एक रासायनिक कारखाना होता. पुढे स्वतः तारकोव्हस्की आणि त्यांचे आवडते नट अनातोली सोलोनित्सिन, दोघेही कर्करोगानं गेले. त्यामागे ते पाणी असावं, अशी शंका चित्रपटाच्या ध्वनिमुद्रकानं बोलून दाखवली होती. ती सिद्ध झालेली नाही. पण सेट कोसळला तर तो पुन्हा बांधता येतो, खऱ्या जागेचा धोका मात्र अंगावर घ्यावा लागतो, हे विसरून चालत नाही.

आपल्याकडे या काळात काय चाललं होतं? आपले चित्रपट परदेशी जाऊ लागले होते. अशोक कुमार आणि नलिनी जयवंत यांच्या ‘नाझ’चं चित्रीकरण १९५४ साली लंडन आणि कैरोला झालं, आणि परदेशात चित्रित झालेला तो पहिला भारतीय चित्रपट मानला जातो. १९६४ च्या ‘संगम’नं युरोप दाखवला. १९६७ साली तर राज कपूर यांचा ‘अराउंड द वर्ल्ड’ आला. नायक आठ डॉलर खिशात घालून जगाची सफर करतो. हे आठ डॉलर लेखकाच्या डोक्यातून आलेले नव्हते. परकीय चलनाची एवढी टंचाई होती की, परदेशी जाणाऱ्या प्रवाशाला तेवढेच मिळत. त्याच वर्षी दारा सिंग ‘चांद पर चढाई’ करून आले, पण ती सगळी स्टुडिओतल्या स्टुडिओत. म्हणजे जगभर हिंडण्याची हौस आपल्याला होती, चंद्रावर जाण्याचीही होती. या दोन गोष्टी एकत्र मात्र आल्या नाहीत. परदेश गाण्यासाठी आणि चंद्र सेटवर, अशी वाटणी होऊन बसली.

ती वाटणी मोडू शकली असती असा एक चित्रपट १९६७ मध्येच कागदावर तयार होता. सत्यजित राय यांनी ‘द एलियन’ या नावानं पटकथा लिहिली. बंगालमधल्या एका खेड्यातल्या तळ्यात परग्रहावरचं यान उतरतं, आणि गावकरी त्याला देऊळ समजून त्याची पूजा करू लागतात. कोलंबिया पिक्चर्सनं रस दाखवला, पीटर सेलर्स यांचं नाव पुढे आलं. पण मध्यस्थांचे घोळ आणि हक्कांचा गुंता यांत सगळं अडकलं आणि तो चित्रपट कधीच झाला नाही. राय यांना बंगालचं तळं पुरेसं वाटलं होतं, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे.

चाळीस वर्षांनी, २००८ मध्ये ‘लव्ह स्टोरी २०५०’ आला. त्यातला वर्तमानकाळ ऑस्ट्रेलियात ॲडलेडला चित्रित झाला आणि २०५० सालची मुंबई संगणकावर तयार झाली. भरपूर पैसा ओतूनही चित्रपट पडला. पडण्याची कारणं अनेक असतील. मला एवढंच जाणवतं, की त्या मुंबईत मुंबई शोधूनही सापडत नव्हती.

दरम्यान जगात एक मोठा बदल झाला. डिजिटल कॅमेरे हलके झाले, स्वस्त झाले, आणि चमत्कृतीची दृश्यं घरच्या संगणकावर करता येऊ लागली. ब्रिटिश दिग्दर्शक मायकेल विंटरबॉटम यांनी २००३ मध्ये ‘कोड ४६’ केला. भविष्यातलं जग, जिथे शहरात राहायला परवाना लागतो आणि ज्यांच्याकडे तो नाही त्यांना बाहेरच्या वाळवंटात राहावं लागतं. शांघायचे उड्डाणपूल, दुबईचं वाळवंट आणि आपल्या राजस्थानातले रस्ते एकमेकांना जोडून त्यांनी एकच जग उभं केलं. पात्रांच्या इंग्रजीत स्पॅनिश, अरबी, फारसी, चिनी शब्द मिसळलेले. एकाही शहराचा सेट न बांधता अख्खं जग बदललेलं दिसलं. राजस्थानातल्या आपल्या माणसांना मात्र त्यात परवाना नसलेल्यांच्या जगाचा भाग व्हावं लागलं, ही बोच आपल्याला लागतेच.

२०१० सालचा ‘मॉन्स्टर्स’ म्हणजे या वाटेवरचा मैलाचा दगड. गॅरेथ एडवर्ड्‌स हा तरुण दोन नट आणि एका व्हॅनमध्ये मावतील एवढे सहकारी घेऊन निघाला. मेक्सिको, ग्वातेमाला, बेलीझ, कोस्टारिका असा प्रवास. परग्रहावरच्या जिवांनी मेक्सिकोचा अर्धा भाग व्यापला आहे, अशी गोष्ट. संवाद लिहिलेले नव्हते, वाटेत भेटतील त्या स्थानिक माणसांना नट केलं. अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर चक्रीवादळानं झालेली खरी पडझड त्यांनी राक्षसांची नासधूस म्हणून वापरली. रस्त्यावरच्या पाट्या नंतर संगणकावर बदलून त्या धोक्याच्या सूचना केल्या. अशी सुमारे अडीचशे दृश्यं एडवर्ड्‌सनं आपल्या खोलीत बसून स्वतः तयार केली. खर्च पाच लाख डॉलरच्या आत, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात चहापाण्याचा! पुढे त्याच्या हाती ‘गॉडझिला’ आणि ‘रोग वन’ असे अवाढव्य चित्रपट सोपवले गेले.

दक्षिण आफ्रिकेतली हकिकत यापेक्षा गंभीर आहे. नील ब्लोमकॅम्प यांनी जोहान्सबर्गमध्ये ‘अलाइव्ह इन जोबर्ग’ नावाचा एक लघुपट केला होता. त्यात शहरातली माणसं परग्रहावरून आलेल्यांबद्दल तक्रार करताना दिसतात. त्यांतल्या अनेकांना प्रत्यक्षात विचारलं होतं ते शेजारच्या देशातून आलेल्या स्थलांतरितांबद्दल. उत्तरं तीच ठेवली, समोरचा माणूस तेवढा बदलला. त्यावरूनच २००९ साली ‘डिस्ट्रिक्ट ९’ हा मोठा चित्रपट निघाला आणि सोवेटोच्या चियावेलो भागातल्या खऱ्या झोपड्यांत त्याचं चित्रीकरण झालं. तिथल्या रहिवाशांना दुसरीकडे हलवण्याचं काम तेव्हा चालूच होतं. पडद्यावर परग्रहवासीयांना झोपडपट्टीतून हुसकावलं जातं, आणि त्याच जागेवरून खरी माणसं घरदार उचलून निघालेली. विज्ञानकथा जेव्हा खऱ्या जागेवर उभी राहते, तेव्हा ती त्या जागेचं दुखणंही बोलू लागते. ते बोलताना जागेच्या माणसांना विचारलं होतं का, हा प्रश्न मागे राहतोच.

आता मराठीकडे येऊ. विज्ञानकथेच्या बाबतीत आपण गरीब नाही. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी १९७४ साली एक कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. तिला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग उघड झालं, की हे डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांनीच आपली आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव आहे. नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर या मंडळींनी पुढे मराठी वाचकाला विज्ञानकथेची गोडी लावली. २० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकरांचं निधन झालं, तेव्हा अनेकांना शाळेच्या वयात वाचलेल्या त्यांच्या गोष्टी आठवल्या असतील.

या कथांचा विशेष पाहा. ‘हिमप्रलय’मध्ये मुंबईत बर्फ पडतो. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये इतिहासाचे एक प्राध्यापक पुण्याहून गाडीनं मुंबईला निघतात आणि पोहोचतात अशा मुंबईत, जिथे पानिपतावर मराठे हरलेलेच नाहीत. ते टाउन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन पुस्तकं चाळतात, आझाद मैदानावरच्या सभेत घुसतात. इमारती, रस्ते, मैदान सगळं ओळखीचं. बदललाय तो इतिहास. गोदार यांनी पॅरिसचं जे केलं, तेच नारळीकरांनी मुंबईचं कागदावर केलेलं आहे. अशा कथेसाठी कोट्यवधींचा सेट लागत नाही. भल्या पहाटेचा फोर्ट भाग, परवानग्या, चार समजूतदार नट आणि थोडी बदललेली पाट्यांची अक्षरं लागतील. आपल्या लेखकांनी जागा कधीच शोधून ठेवल्या, कॅमेरा तिथे पोहोचला नाही.

अगदीच पोहोचला नाही, असंही नाही. सुजय डहाके यांनी २०१६ मध्ये ‘फुंतरू’ हा मराठी विज्ञानपट केला. नागपूरच्या आरती कडव यांनी ‘कार्गो’ हा हिंदी चित्रपट केला, तो २०१९ च्या मुंबई चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि पुढल्या वर्षी नेटफ्लिक्सवर आला. पुष्पक नावाचं अवकाशयान, त्यात नोकरी करणारा प्रहस्त नावाचा राक्षस, आणि मेलेल्या माणसांना पुढच्या जन्मासाठी तयार करण्याचं रोजचं काम. यान सेटवरचंच आहे, पण त्यात भपका नाही. सरकारी कचेरीतला कंटाळा, जुनाट यंत्रं आणि एकटेपणा आहे. फाळक्यांच्या ‘लंकादहन’मधली लंका शंभर वर्षांनी अवकाशात पोहोचली म्हणायची! २०२० च्या टाळेबंदीत याच कडव यांनी उल्कापाताच्या गोष्टीवर एक लघुपट केला. नटांनी आपापल्या घरी, आपापल्या फोनवर चित्रीकरण केलं. जगभर हिंडणं बंद झालं, तेव्हा घर हेच लोकेशन झालं.

राहता राहिला आपल्या आसपासचा मुलूख. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वसई तालुक्यात चिंचोटी फाटा लागतो. तिथून एक रस्ता कामणमार्गे भिवंडीकडे जातो. त्यावर रात्रंदिवस कंटेनर धावत असतात, दुतर्फा गोदामं आहेत. दुसऱ्या बाजूला तुंगारेश्वरचा डोंगर आणि अभयारण्याचं रान, त्यात चिंचोटीचा धबधबा, पायथ्याशी आदिवासी पाडे. नायगाव-जूचंद्रकडे वळलात तर मिठागरं लागतात. आणखी थोडं पुढे वसईचा किल्ला, चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून घेतलेला. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग याच परिसरातून आखलेला आहे आणि विरारला तिचं स्थानक ठरलेलं आहे. अठरावं शतक आणि येऊ घातलेलं उद्या यांत इथे तासाभराचंसुद्धा अंतर नाही.

हा भाग कॅमेऱ्याला नवा नाही. वसईच्या किल्ल्यानं कितीतरी हिंदी गाणी आणि मारामाऱ्या पाहिल्या. २०१६ साली आलेल्या कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या एका गाण्याच्या चित्रफितीतही तो दिसला. पण यांतल्या बहुतेक ठिकाणी किल्ला वसईचा म्हणून येत नाही. कधी गोवा, कधी कुठलंही पडीक खंडहर. त्या चित्रफितीत तर होळीचे रंग आणि साधू यांच्या गर्दीत भारत म्हणजे कायमचा भूतकाळ, असंच चित्र झालं, आणि त्यावर टीकाही झाली. बाहेरून येणाऱ्याला इथे जुनं तेवढं दिसतं. इथला उद्या कोण दाखवणार?

तो दाखवायला इथे काय कमी आहे? पाण्याखाली जाणारी मिठागरं आहेत, रानाला येऊन भिडलेली गोदामं आहेत, टँकरच्या रांगा आहेत. उद्याच्या जगातले पाण्याचे, जमिनीचे, स्थलांतराचे सगळे प्रश्न या पंधरा-वीस किलोमीटरांत आजच उभे आहेत. हात हवे असतील तर जूचंद्र हे रांगोळीकारांचं गाव म्हणून प्रसिद्धच आहे. हुबेहूब माणूस जमिनीवर उतरवणारे हे कलाकार एखादा परग्रह सहज रंगवतील.

अर्थात, खऱ्या जागेचे नियमही खरे असतात. किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे, रान वनखात्याकडे. दोन्हीकडची परवानगी घेतल्याशिवाय तिपाई रोवता येत नाही आणि ते योग्यच आहे. चिंचोटीच्या धबधब्यात पावसाळ्यात माणसं बुडालेली आहेत, म्हणून तिथे जाण्यावर बंदीचे आदेश निघत आले आहेत. एका दृश्यासाठी पोरांना त्या पाण्यात उतरवणाऱ्या दिग्दर्शकाला धाडसी म्हणू नये, बेजबाबदार म्हणावं. पाड्यावरच्या माणसांना रानटी किंवा परग्रहवासी म्हणून उभं करण्याआधी त्यांना गोष्ट सांगावी, त्यांच्या दिवसाचं मोल द्यावं, आणि नको म्हणाले तर कॅमेरा मिटावा. फाळक्यांनी वांगणीला फौजदारासमोर कॅमेरा उघडून दाखवला होता. शंभराहून अधिक वर्षांनंतरही तेवढं तरी आपल्याकडून व्हायला हवं.

नारळीकरांची पहिली विज्ञानकथा टोपणनावानं पोस्टातून आली आणि परिषदेनं ती नावाशिवाय वाचून तिची किंमत केली. मराठीतला असा पहिला स्वतंत्र विज्ञानपटही बहुधा कुणी नाव नसलेला मुलगा किंवा मुलगी फोनवर करून पाठवील. वसई-विरारच्या लोकलमध्ये ते आजही कुठेतरी उभ्यानं प्रवास करत असतील. त्यांनी जगभर जरूर हिंडावं, टोकियो पाहावं, मेक्सिको पाहावं. फक्त त्या चित्रपटात चिंचोटीला दुसरं कुठलं गाव करू नये. तिथली पाटी मराठीत असावी आणि तिच्यावर ‘चिंचोटी’ असंच लिहिलेलं असावं.